'महापुर', 'महापूर' आणि एफ ७ : मराठी मजकूर तपासायला नव्याने बसणाऱ्यांसाठी

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर ओसरला आणि पुढचे सहा महिने सांगलीतल्या झाडून सगळ्या संस्थांच्या अहवालांत, स्मरणिकांत, आभारपत्रांत तो शब्द यायला लागला. मॅटर आणून देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो 'महापुर' असा लिहिलेला असायचा. माझं डीटीपीचं दुकान. एका संस्थेचा जाडजूड अहवाल टेबलावर, रात्रीचे साडेअकरा, सकाळी छपाईची प्लेट करायला द्यायचा. मी शहाणपणा केला. फाइंडमध्ये 'पुर' टाकलं, रिप्लेसमध्ये 'पूर' टाकलं आणि 'रिप्लेस ऑल' दाबलं. शंभरावर बदल झाल्याची खिडकी आली. मी खूश, दिवा मालवला, घरी गेलो.

सकाळी प्रूफ हातात घेतलं तर 'पाणीपूरवठा'. खाली 'गुणवंतांना पूरस्कार'. पुढच्या पानावर 'पूरुष सभासद' आणि 'पूरेसा निधी'. ज्याने 'महापुरात' हे बरोबर लिहिलं होतं, त्याचंही मी 'महापूरात' करून ठेवलं होतं. मूळ मॅटरपेक्षा जास्त चुका मी एका बटणात घातल्या होत्या.

दुकानात नवीन मुलगा किंवा मुलगी बसायला आली की टायपिंगचा वेग मी नंतर बघतो. आधी हे सांगतो. टायपिंगची परीक्षा पास झालात, वर्ड उघडता येतं, पण तपासायचं म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी दाखवलेलं नाही, अशांसाठी हा क्रम आहे.

आधी मॅटर कशात आहे ते बघा

एफ ७, म्हणजे शब्द तपासायचं बटण, दाबायच्या आधी मजकूर यूनिकोडमध्ये, म्हणजे आतूनही खऱ्या देवनागरी अक्षरांत, आहे का, हे पाहायचं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मॅटर आपल्याला मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच भरलेली असतात. फॉन्टने त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कॉम्प्युटरला तो मुखवटा दिसत नाही. अशा मजकुरावर तपासणी लावली तर अख्खं पान लाल होतं.

ओळखायची सोपी रीत : एक ओळ निवडा आणि फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला यूआय करा. अक्षरं मराठीच राहिली तर यूनिकोड. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांचा काला झाला तर जुना फॉन्ट. मग कन्व्हर्टरमधून मजकूर बदलून घ्यायचा, मूळ फाइल मात्र जपून ठेवायची. बदलून आलेल्या मजकुरात पहिली वेलांटी, रफार आणि 'ऱ्य' या तीन गोष्टी हमखास जागा सोडतात. तिथे आधी नजर टाका.

मग भाषा सांगा

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. समोर मजकूर मराठी आहे म्हणजे वर्डलाही तो मराठी वाटतो, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. वर्ड प्रत्येक तुकड्यावर भाषेची एक अदृश्य चिठ्ठी लावतं, आणि बहुतेक वेळा ती चिठ्ठी कीबोर्डवरून ठरते. तुमच्या मशीनवर हिंदी इनस्क्रिप्ट कीबोर्ड घातलेला असेल, आणि आपल्याकडच्या अर्ध्या मशीनवर तोच असतो, तर तुम्ही लिहिलेलं मराठी वर्ड हिंदी म्हणून तपासतं. मग 'आहे' खाली लाल रेघ आणि 'और' बिनबोभाट पास.

खालच्या पट्टीत बघा. कर्सर जिथे आहे तिथली भाषा तिथे लिहिलेली असते. मराठी नसेल तर कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा, वर 'रिव्ह्यू', त्यात 'लँग्वेज', त्यात 'सेट प्रूफिंग लँग्वेज', आणि यादीतून मराठी. त्याच खिडकीत खाली 'स्पेलिंग किंवा ग्रामर तपासू नका' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे, तिच्यासमोरची खूण काढा. ती खूण राहिली तर वर्ड गुपचूप पुढे जातं, एकही रेघ दाखवत नाही, आणि तुम्हाला वाटतं काय स्वच्छ मॅटर आहे! मराठी निवडूनही काही हलत नसेल तर तपासणीचं मराठी साहित्य मशीनवर घातलेलंच नाही. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'लँग्वेज' इथे जाऊन मराठी जोडून घ्या.

लिबरऑफिस वापरत असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. तिथे इंग्रजीसारख्या भाषा एका खान्यात आणि देवनागरी वगैरे दुसऱ्या खान्यात असतात. त्या दुसऱ्या खान्याचं नाव 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'. 'टूल्स', 'ऑप्शन्स' आणि तिथल्या भाषांच्या भागात जाऊन तो खाना चालू करायचा आणि त्याच्यासमोर मराठी निवडायचं. वरच्या खान्यात मराठी शोधत बसलात तर दिवस जाईल. यादीत ज्या भाषेचा शब्दकोश मशीनवर आहे तिच्या शेजारी एबीसी आणि बरोबरची बारीक खूण दिसते. मराठीशेजारी ती नसेल तर मराठी शब्दकोशाचं एक्स्टेन्शन उतरवून घ्या, त्यावर दोनदा क्लिक करा, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. एफ ७ ने तपासणी सुरू होते, शिफ्ट आणि एफ ७ ने टाइप करतानाच्या लाल रेघा चालू-बंद होतात.

भाषा नीट लावण्याचा आणखी एक फायदा : काही फॉन्टमध्ये चिठ्ठी मराठीची लागली की 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीची जाऊन मराठीची होतात. शाळेची पुस्तिका करताना शिक्षक पहिलं ते बघतात.

लाल रेघ कशी पडते

आत शब्दांची एक लांबलचक यादी असते, आणि त्यांना कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम. लिबरऑफिसच्या शब्दकोशात या सरळ दोन वेगळ्या फाइली असतात. मजकुरातला शब्द यादीत सापडला किंवा नियमाने बनवता आला तर पास, नाहीतर लाल. अर्थ वगैरे काही तिथे बघितला जात नाही.

इंग्रजीत हे बरंच जमून जातं. मराठीत 'घर' या एका शब्दाची 'घराला, घरातून, घरावरचा, घरापाशी, घरातल्यांनाच, घराघरांतून' अशी रांग लागते. यादी करणारा किती पुरा पडणार? त्यामुळे बरोबर शब्दांखालीही भरपूर रेघा येतात. याच्या उलट त्रास मोठा आहे. 'दीन' म्हणजे गरीब, 'दिन' म्हणजे दिवस; दोन्ही यादीत. 'शिर' डोकं, 'शीर' रक्तवाहिनी, दोन्ही यादीत. 'सुत' मुलगा, 'सूत' चरख्यावरचं. 'महाराष्ट्र दीन' छापून गेला तर एकही रेघ येणार नाही.

लग्नपत्रिकेवर 'पाणीग्रहण' मी इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही. पाणि म्हणजे हात, तिथली 'णि' ऱ्हस्वच हवी. दीर्घ केली की नवरदेव पाण्याला धरतो.

व्याकरणाची निळी रेघ इंग्रजी मजकुराखाली दिसते. मराठीसाठी तिच्यावर विसंबू नका. 'सभा संपन्न झाले' किंवा 'सर्व सभासदांनी उपस्थित राहावेत' हे वाक्य तुम्हालाच खटकलं पाहिजे.

एफ ७ च्या खिडकीत

शब्द लाल आला की हात लगेच 'चेंज'वर जातो. तो आवरा. सुचवलेला पहिला शब्द हा फक्त अक्षरांनी जवळचा असतो. आडनावं, गावांची नावं, संस्थांची नावं इथे तर हमखास भलतंच सुचवतं. नाव असेल तर मूळ कागदावर बघा, जसं आहे तसं ठेवा आणि 'इग्नोर ऑल' करा. माणसाने आपलं नाव कसं लिहावं हा त्याचा प्रश्न, आपला नाही.

रोजचा पण यादीत नसलेला शब्द असेल तर 'अ‍ॅड' करून आपल्या शब्दकोशात घाला. माझ्याकडे पहिला घातलेला शब्द 'पेव' होता. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत खणलेली ती पेवं. हळदीवरच्या एका लेखात तो शब्द प्रत्येक परिच्छेदात आणि प्रत्येक ठिकाणी खाली लाल. पण नुसता 'पेव' घालून भागत नाही. 'पेवात, पेवातली, पेवांमध्ये' ही रूपंही एकेक करून घालावी लागली, कारण तुम्ही घातलेल्या शब्दाला प्रत्यय लावायचं त्याला ठाऊक नसतं. सौदा, बेदाणा, अडत यांची रूपंही अशीच हळूहळू जमली. आता व्यापाऱ्यांचं मॅटर आलं की पान बरंच शांत दिसतं.

याच बटणाने घातही होतो. दुकानात शिकायला आलेल्या एकाने लाल रेघांना कंटाळून समोर येईल ते 'अ‍ॅड' करत नेलं. त्यात 'आणी' पण गेलं, 'विद्यार्थि' पण गेलं. त्या मशीनने पुढे कित्येक दिवस 'आणी'ला हात लावला नाही. तुमच्याकडे असं झालं तर वर्डमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'प्रूफिंग', 'कस्टम डिक्शनरीज' इथे शब्दांची यादी उघडते, तिथून चुकीचे शब्द काढून टाका. लिबरऑफिसमध्ये हीच यादी 'रायटिंग एड्स'मध्ये असते.

'आणी'सारख्या ठरलेल्या चुकांसाठी ऑटोकरेक्टमध्ये जोडी लावून ठेवणं उत्तम. ते अख्खा शब्द जुळला तरच बदलतं, शब्दाच्या पोटात घुसत नाही. माझ्या 'पूरस्कारा'सारखा प्रकार तिथे होत नाही.

इथपर्यंत मशीन. पुढचं डोक्यात हवं

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अठराच आहेत. चौदा १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले, चार १९७२ मध्ये वाढले. दोन पानांत छापून भिंतीला लावता येतात. सगळे पाठ करू नका, पण डीटीपीच्या कामात रोज लागणारे तीन-चार अंगवळणी पडले पाहिजेत.

पहिला, माझी फजिती ज्याने केली तो. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ : पूर, फूल, मूल, वकील, गरीब, जमीन. प्रत्यय लागून शब्द पुढे वाढला की तो ऱ्हस्व होतो : पुरात, फुलाला, मुलांना, वकिलांनी, गरिबाला, जमिनीचा. सांगलीकराला हे एका वाक्यात बसवता येतं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. फूट, फुटांच्या. महापूर, महापुराच्या. शब्द बोलून पाहिला की कानालाही तो फरक लागतो.

मात्र संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद. 'गुण, विष, मंदिर, मधुर' हे अकारान्त असून ऱ्हस्वच, आणि 'शरीर'चं 'शरीराला', 'परीक्षा'चं 'परीक्षेला' होताना दीर्घ तसाच राहतो. नवीन माणूस एकदा नियम शिकला की 'शरिराला' करून टाकतो. शिकल्याच्या पहिल्या आठवड्यातली ही ठरलेली चूक.

दुसरा, शब्दाचा शेवट. शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू, विष्णू, भूमी. तोच संस्कृत शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्व : कविवर्य, गुरुदक्षिणा, भूमिपूजन. दर वर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिनाच्या पत्रिका आमच्याकडे येतात. १८४३ मध्ये याच गावात विष्णुदास भावे यांचं 'सीतास्वयंवर' हे नाटक झालं त्याची ती आठवण. त्या एका पत्रिकेत हा सगळा नियम मावतो. 'विष्णू' एकटा लिहिला तर दीर्घ, पण 'विष्णुदास भावे' यातला 'ष्णु' ऱ्हस्व. दर वर्षी एखाद्या तरी प्रतीत 'विष्णूदास' असतोच. 'पाणीपुरवठा', 'पाणीपट्टी' यांत मात्र 'पाणी' आपलं मराठी, ते दीर्घच राहतं. 'आणि', 'तथापि', 'परंतु' ही शेवटी ऱ्हस्व.

तिसरा, 'ऊन' की 'वून'. क्रियापद 'णे' लावून म्हणा. ठेवणे, जेवणे, धावणे यांच्यात 'व' मुळातच आहे, म्हणून ठेवून, जेवून, धावून. घेणे, येणे, जाणे यांत 'व' नाही, म्हणून घेऊन, येऊन, जाऊन. 'घेवून या' आणि 'ठेऊन जा' अशा पाट्या गावभर आहेत, त्या बघून शिकू नका.

अनुस्वाराबद्दल एवढंच : 'घरात' एका घरात, 'घरांत' अनेक घरांत. यंत्र दोन्ही सोडतं. आणि 'केलं, झालं' लिहायचं की 'केले, झाले' ते पहिल्या पानावर ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवा. मी इथे बोलतो तसं लिहितोय. अहवालात मी 'केले'च ठेवतो. अध्यक्षांचं मनोगत एकाने लिहिलं आणि ताळेबंदावरची टीप दुसऱ्याने लिहिली की दोन्ही प्रकार एकाच पुस्तिकेत येतात. ते निवडायला डोळेच लागतात.

पारिभाषिक शब्दांसाठी अडलात तर मराठी विश्वकोश ऑनलाइन उघडा. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईतच त्याचं काम चालत आलं आहे.

दिसायला सारखं, आतून वेगळं

'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात 'ऱ' हे खरंच वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असतं. कागदावर दोन्ही सारखेच छापतात. पण कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. एक शोधलात तर दुसरा सापडत नाही, आणि शब्दकोशही एकाला पास आणि दुसऱ्याला लाल करू शकतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट आणि 'जे' दाबलं की नुक्त्याचा 'ऱ' येतो. मग हलन्त, मग 'य'. हीच सवय लावा. 'दुसर्या' असा रफार दिसला तर तिथे कुणीतरी साधा 'र' वापरलाय.

विसर्गाचंही तसंच. 'अंत:करण' मध्ये लोक इंग्रजी कोलन टाकतात. दिसायला चालतं, पण कॉम्प्युटरला ते अक्षर नसून विरामचिन्ह वाटतं, आणि शब्द तिथे तुटतो. इनस्क्रिप्टवर खरा विसर्ग शिफ्ट आणि आडव्या रेघेच्या बटणावर आहे. फाइंडमध्ये कोलन टाकून एकेक बघत जा. वेळ आणि गुणोत्तरातले कोलन सोडायचे, शब्दातले बदलायचे. इथेही 'रिप्लेस ऑल' नको.

इनस्क्रिप्टवर ऱ्हस्व वेलांटी 'एफ'वर आणि दीर्घ तिच्या लगेच वर 'आर'वर आहे. उकारही तसेच, 'जी' आणि त्याच्या वर 'टी'. बोट अर्धा इंच वर सरकलं की 'दिन'चा 'दीन'. म्हणजे निम्म्या चुका अज्ञानाच्या नसतातच.

मग दोन स्पेस शोधून एक करा, हे 'रिप्लेस ऑल'ने निर्धास्त करता येतं. स्वल्पविरामाच्या आधीची जागा काढा. 'घरा समोर', 'सभासदां साठी' असं तोडून लिहिलेलं जोडा.

कागदावर

पडद्यावर कितीही तपासा, शेवटची फेरी कागदावर लाल पेनाने. आकडे, तारखा, नावं यांची फेरी वेगळी ठेवा. मजकूर वाचताना डोळा आकड्यांवरून घसरतो. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून बघायचं. ज्याने टाइप केलंय त्याने एकट्याने तपासू नये. आपण काय लिहिलंय हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे तो कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. मथळा सगळ्यात शेवटी आणि स्वतंत्र वाचा. मोठ्या टायपातली चूक सगळ्यांच्या नजरेतून सुटते, हे पटायला मला दोन मुखपृष्ठं पुन्हा छापावी लागली.

दुरुस्त्या झाल्या की फक्त बदललेली पानं पुन्हा काढा आणि दुरुस्तीच्या आजूबाजूच्या दोन ओळी वाचा, कारण दुरुस्त करताना शेजारचा शब्द बिघडतो. मग ग्राहकाकडून प्रत्येक पानावर सही आणि शेवटी 'छापण्यास हरकत नाही' एवढं लिहून घ्या, तारीख घालून. 'तुम्हीच बघा हो, तुमच्यावर विश्वास आहे' असं म्हणून गडबडीत निघणाऱ्याला चहा सांगा आणि बसवून घ्या. चहा येईपर्यंत निदान नावांचं पान तरी त्याच्याकडून वाचून होतं.